पाच माणसांचं पाणी

जगातल्या सगळ्या दुःखांचं मूळ पाण्यातल्या क्षारांत आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या देवपुरात, माझ्या समोरच्या घरात राहतो. बाळांनो, तुम्ही त्यांना पाहिलंय. मागच्या खेपेला तुमच्या सरबतात न विचारता मीटर बुडवणारे आजोबा, तेच. मी ज्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तिथल्याच प्रयोगशाळेत ते साहाय्यक होते. गाव पिंपळनेर, बोलणं अस्सल अहिराणी, आणि सगळी गल्ली त्यांना नाना म्हणते. पाण्यातले क्षार मोजायचा तो पेनाएवढा मीटर कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. खरं पेन मात्र ते माझ्याकडे मागतात. सत्यनारायणाच्या तीर्थात त्यांनी मीटर घातला तेव्हा भटजी उठून निघाले होते. पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेले, तर पोह्यांबरोबर आलेल्या पाण्याचा आकडा पाहून भर बैठकीत म्हणाले, "पोर सोनं शे, पन तुमना बोरनं पानी निस्ता चुना शे!" तरी लग्न ठरलं. मुलीच्या माहेरी नानांनी स्वतः भिंतीला भोकं पाडून आरओ बसवून दिला, मगच अक्षता पडल्या.

आपल्याकडचा आरओ तुमची पोटं बिघडली त्या सुट्टीत घेतलेला. तुम्ही सगळे इथे असतानाच एकदा त्याची धार अगदी करंगळीएवढीही राहिली नाही. दुकानातला मेकॅनिक म्हणाला, "आजी, पंप गेला, मेम्ब्रेन गेलं, नवीनच घ्या." नाना रस्ता ओलांडून आले. स्टीलचा पेला पंपावर उपडा ठेवून त्याला कान लावला आणि डॉक्टरच्या थाटात सांगितलं, "जित्ता शे." मग गाळ अडवणारी पहिली कँडल उघडली, तर ती गाळाने काळीकुट्ट. मेकॅनिककडे वळून म्हणाले, "भाऊ, डोकं दुखनं ते मुंडकं बदलतस का?" नवी कँडल घातली, आटे टेप गुंडाळून घट्ट केले, पहिलं बादलीभर पाणी माझ्याकडून फरशी पुसायला वापरून घेतलं. शेवटी त्यांचा नेहमीचा प्रश्न आला, "अक्का, घरमा कितला मानसे शेतस?" कँडल किती दिवस चालेल ते माणसांवर ठरतं, म्हणून ते पांढऱ्या पट्टीवर तारीख आणि आकडा लिहून ती यंत्रावर चिकटवतात. तेव्हा पाच लिहिलं होतं. तुम्ही दोघं, तुमचे आईबाबा आणि मी.

सुट्टी संपून तुम्ही सगळे परत गेलात आणि नाना गंभीर झाले. वापर नसला की आतलं पाणी साचून राहतं, मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आतला पडदा, खराब होतं. "एकला मानूसले हाई मशीन कसाले? काढी टाका, माठ लई ल्या." मी म्हणाले, "मग मुलं आल्यावर काय पितील?" बहुतेक जरा मोठ्यानेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता स्टीलचे दोन डबे घेऊन नाना दारात उभे. "आमनं मशीन बिघडनं." ते मशीन गेलं दीड वर्ष बिघडलेलंच आहे, अख्ख्या गल्लीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं! जन्मभर शिकवल्यावर खोट्या सबबी लगेच ओळखू येतात. भाजीच्या गाडीवर नानींना विचारलं, तर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आमनं मशीन चांगलं चालू शे. त्यासनी आनेल पानी मी रोज झाडेसले टाकस." हे मी नानांना अजून कळू दिलेलं नाही.

या दिवाळीलाही जमणार नाही असा तुमचा फोन आला, त्याच आठवड्यात कँडल बदलायची होती. नानांनी काम उरकून पेन मागितलं. "कितला मानसे, अक्का?"

"एक," मी म्हटलं.

त्यांनी पाच लिहिलं.

"नाना, एक."

"मशीनले खरं सांगं ते, ते झोपी जाई," ते पट्टीवर अंगठा दाबत म्हणाले. मग दोन्ही डबे भरले आणि माझं पेन खिशात घालून निघून गेले. मीही ते मागितलं नाही.

मेम्ब्रेन अजून वर्षभर चालेल म्हणतात. तेवढ्यात एकदा येऊन जा. रस्ता ओलांडताना नाना आताशा मध्येच थांबतात, डबे खाली ठेवतात, हात बदलतात आणि मग पुढे जातात. मी खिडकीतून बघत असते.