आक्काच्या पिक्चरमधला समुद्र

आमची आक्का खोटारडी होती.

काल दुपारी ती गेली, म्हणून आज सांगते. ती असताना हे लिहिलं असतं तर तिनं मला जिवंत सोडलं नसतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. निपाणीत आमच्या गल्लीतल्या आठ-दहा बायका एका अंगणात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुशीला. मी कॉलेजात जायचे आणि उरलेल्या वेळात तिच्या शेजारी बसून वळायचे.

त्या अंगणाची एक पद्धत होती. सगळ्याजणींना थिएटरात जायला घरचे सोडायचे नाहीत. म्हणून नवा पिक्चर लागला की एकटी आक्का जायची आणि तिच्या वाटच्या विड्या बाकीच्या वळून ठेवायच्या.

ती निघाली की सगळ्या म्हणायच्या, "तुझ्या वाटचं आमी बघतो. तू जाऊन ये."

दुसऱ्या दिवसापासून आक्का पिक्चर सांगायला बसायची. हात चालू, तोंड चालू. एक पिक्चर आठवडाभर पुरवायची. गंगव्वासाठी मधेच कानडीत सांगायची. रडायचा सीन आला की बायका तंबाखूच्या हातानं डोळे पुसायच्या आणि आणखी रडायच्या.

त्यातल्या एका पिक्चरनं तर अंगण वेडं केलं. समुद्रात उतरणारा दगडी जिना, आणि सातव्या पायरीवर नवऱ्याची वाट बघत बसणारी हिरॉईन. रोज संध्याकाळी.

"कुठला गं समुद्र?" गंगव्वानं विचारलं.

"वेंगुर्ल्याचा," आक्का म्हणाली. "शूटिंग तिथंच झालंय."

समोरच बसलेल्या हौसाकाकू एवढंच म्हणाल्या, "व्हय?"

काकूंची जीभ पान कापायच्या कात्रीपेक्षा धारदार. त्यांच्या त्या 'व्हय'नं मी सुद्धा वर बघितलं.

आणि नशीब बघा. पुढच्याच वर्षी काकूंच्या पुतणीला वेंगुर्ल्याचं स्थळ आलं. वऱ्हाडाच्या टेम्पोत अख्खं अंगण चढलं.

"सुशे," काकू म्हणाल्या, "आता ती पायरी दाव बरं का आमास्नी."

आंबोलीच्या घाटात सगळ्या गाणी म्हणत होत्या. आक्का नुसती बाहेर बघत होती. मला वाटलं, गाडी लागली असेल.

लग्न लागलं, जेवणं उरकली आणि बायका किनाऱ्यावर आल्या.

वाळू. दूरपर्यंत नुसती वाळू. जिना कुठंच नाही.

बायका शोधत पुढं गेल्या. आक्कानं माझा दंड धरून मला मागं ओढलं.

"मी तो पिक्चर बघितलाच न्हाय गं."

"म्हंजे?"

"हाऊसफुल्ल झालतं. तीन तास बाहेर पोस्टर बघत बसलेती. पायऱ्यावर एक बाई, मागं निळा रंग. त्याला मी समुद्र म्हटलं."

"आणि वेंगुर्ला?"

"स्टँडवर गाडीची पाटी बघितलीती."

"अगं, मग तिकीट मिळालं न्हाय म्हणून सांगायचं की!"

"समद्यांनी माझ्या वाटच्या बिड्या वळल्या. गंगव्वाची बोटं सुजलीती. रिकाम्या तोंडानं कशी परत येऊ?"

ती रडत होती. आयुष्यात मी तिला असं घाबरलेलं बघितलं नव्हतं. "आता काकू समद्यांसमोर मला उघडं पाडणार. परत कोण ऐकंल गं माझं?"

तेवढ्यात बंदराच्या बाजूनं काकूंचाच आवाज आला.

"अगं ये बायांनो! हितं हाय!"

आम्ही धावत गेलो. तीन फुटक्या पायऱ्या होत्या. फक्त तीन. सगळ्यात खालच्या पायरीवर काकू पदर खोचून बसल्या होत्या.

"हीच ती जागा. बाकीच्या चार वाळूत गेल्यात."

मग एकेक बाई त्या पायरीवर बसली. प्रत्येकीनं थोडा वेळ समुद्राकडं बघितलं. गंगव्वानं त्या हिरॉईनसाठी परत डोळे पुसले. आमच्याकडं कॅमेरा नव्हता, त्यामुळं एकही फोटो नाही.

आक्का शेवटी बसली. उठेचना.

परतीच्या टेम्पोत सगळ्या डुलक्या घेत होत्या. काकू माझ्या कानाशी आल्या.

"तो पिक्चर मी कोल्हापुरात बघितलाय. समुद्र न्हाईच त्यात."

आक्का झोपलीय ना, ते मी वळून बघितलं.

"तिला धरायचं म्हणूनच समद्यांस्नी घेऊन शोधायला चाललेती. पण ह्या बायकांची तोंडं बघितली आणि..." काकूंनी पदर सारखा केला. "तुझ्या आक्काचाच पिक्चर चांगला हाय. तिला सांगितलंस तर बघ. माझी शपथ हाय."

काकू जाईपर्यंत आक्का त्यांना वचकून होती. सणाला पहिली पोळी त्यांच्या घरी पाठवायची. मधेच मला विचारायची, "काकूंना कळलं आसंल का गं?"

मी म्हणायचे, "छे!"

गेल्या महिन्यात तिच्या नातीचा, तन्वीचा, जपानहून व्हिडिओ कॉल आला होता. समुद्राकाठचं एक रेल्वे फाटक आणि तिथं फोटो काढायला माणसांची ही गर्दी.

"काय हाय गं तिथं?" आक्कानं विचारलं.

"आजी, ही कार्टूनमधली जागा आहे. खरोखर आहे! लोक लांबून बघायला येतात."

आक्का हसायला लागली. हसता हसता ठसका लागला.

"ह्यांनी निदान कार्टून बघितलंय तरी."

तन्वीला काही कळलं नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या मात्र डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. शपथ आठवली आणि जीभ आवरली. आता त्याचंच वाईट वाटतंय.

तर आक्का, आज सांगते. काकूंना सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तरीही रोज त्या सूप घेऊन तुझ्या समोरच येऊन बसायच्या, पुढं काय झालं ते ऐकायला.

आता घाबरू नकोस.

तुझ्या वाटचं आम्ही बघतो. तू जाऊन ये.