अर्जासाठी चक्की थांबवणाऱ्या मावशी

रविवार, २० जुलै २०१४, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. शेलूबाजारच्या चक्कीवाल्या मावशींनी माझ्यासाठी चक्की थांबवली. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्याच्याशी त्या पट्ट्याच्या घरघरीवर आवाज चढवूनच बोलत. चालती चक्की थांबे ती केवळ मुलांच्या अर्जासाठी. रांगेतली बाई कुरकुरलीच, "मावशे, माहे गहू अर्धेच दयले न वो!" पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया जराही न हलवता मावशी म्हणाल्या, "थांब जराशीक. मोठ्या मॅडम आल्या हायेत." मी तेव्हा बारा वर्षांची होते.

रविवारच्या दळणाचे पैसे मावशी वेगळे ठेवत आणि गावात कोणाच्या तरी उपयोगी पडण्याचे काम सुचवणाऱ्या मुलांना त्यातून पाचशे रुपयांपर्यंत देत. त्यांना वाचता येत नसे, म्हणून अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा लागे. खर्चाचा हिशोब त्यांनी कधीच मागितला नाही. त्यांची अट त्याहून कठीण होती: "पैसे कुठी गेले ते नोको सांगू. त्या मानसाचं काय बदललं, ते मोजून सांग." पुढे मी विज्ञानाची पदवी घेतली, पण प्रयोग कशासाठी करायचा, हे मला चक्कीवरच कळले होते.

माझा अर्ज शेजारच्या सखूआजींसाठी होता. त्यांची दृष्टी गेली होती आणि मुलगा-सून सकाळी शेतात निंदणाला गेले की दिवेलागणीलाच परतत. मी त्यांच्यासाठी नवी काठी मागितली होती. मावशींनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला, "तिले इचारलं काय?"

मी विचारले नव्हते.

"मंग हे तुह्या मनातलं काम हाय, तिच्या नाही. जाय, इचारून ये." पट्टा पुन्हा फिरू लागला.

आजी म्हणाल्या, "काठी हाय न माय. मले दिवसा पानी पेवाचंच भेव वाटते. पेलं का जा लागते, अन् नेवाले घरी कोनी नाही." अंगणाच्या टोकाला असलेला संडास एकटीने गाठता येत नाही, म्हणून ती बाई दिवसभर एका पेल्यावर राहत होती. लघवीची जळजळ होते, पाणी वाढवा, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते.

संडासापर्यंत धरून जायला दोर बांधण्याचा माझा दुसरा अर्ज मंजूर झाला. अंगणात लाकडी बल्ल्या रोवून मी दोर ताणला. दोर संपला की चार पावले पुढे, मग उजवीकडे दार. आकृती काढली, अंतर मोजले. पहिल्याच फेरीत आजी चार पावले मोजून वळल्या आणि त्यांचे कपाळ भिंतीवर आपटले. "आता नोको वं बाई," म्हणून त्या घरात शिरल्या. त्या दिवशी त्यांनी तो एक पेलाही घेतला नाही.

मी मावशींना म्हणाले, "दोर बरोबर आहे. आजींनीच पावले लहान टाकली."

"चार पावलं कोनाची मोजली?"

"माझी."

"अन् जाते कोन?" मी माझ्या पायांकडे पाहिले. "हुशार हायेस, पन सारं जग सोतावरच मोजून राह्यली तू."

दुसऱ्या दिवशी मावशींनी चक्कीला कुलूप घातले आणि आमच्या गल्लीत आल्या. आजींचा हात धरून त्यांना त्यांच्याच चालीने चालू दिले. मला सांगितले, "तू बोलू नोको, फक्त बांध." दोरावरचा आजींचा दुसरा हात जिथे अडखळला तिथे मी गाठ मारली, आणि दोर या वेळी थेट दाराच्या कडीपर्यंत नेला. तिसऱ्या फेरीला आजी एकट्या गेल्या, परतल्या आणि म्हणाल्या, "पाह्य वं, चक्की बंद अन् माहा संडास चालू!" मावशी हसता हसता ओट्यावर बसल्या.

मावशींना जाऊन दोन वर्षे झाली. माझी परीक्षा होती. मला पोचता आले नाही. आज मी वृद्धांना चालायला आधार देणारी साधने तयार करते आणि प्रत्येक आराखड्याची पहिली मोजणी वापरणाऱ्याच्या पावलांनी करते. मला पुढे बऱ्याच शिष्यवृत्त्या मिळाल्या, तरी माझ्या परिचयपत्रात पहिल्या ओळीवर चक्कीवरचे ते अनुदान आहे. मुलाखतीत कोणी हसलेच, तर मी त्यांना मावशींबद्दल सविस्तर सांगते.

दोर बांधल्यावर मावशींच्या अटीप्रमाणे मी पंधरा दिवस नोंद ठेवली होती. सुरुवातीला आजींची भीती जात नव्हती; मला चुकवून त्या अर्धाच पेला पीत. मग दोन झाले, मग तीन. पंधराव्या दिवशी, सून शेतातून परतण्यापूर्वी, आजींनी स्वतःच भिंतीपलीकडून हाक मारली, "लिव्ह वं पोरी, आनखी एक पेली." मी लिहिले: दिवसभरात पाच पेले.