वरच्या खोलीतले मालक

लातुरात नीटची परीक्षा झाली की वर्षाराणीच्या मेसमधली पातेली पालथी पडतात. पोरं गावाकडं पळतात, स्वयंपाकीणबाई लेकीकडं जाते, आणि वर्षभर पोळ्या लाटून खांद्यातून गेलेली वर्षाराणी दोन दिवस नुसती झोपून काढते. यंदा ती झोपली नाही. यंदा ती श्रीलंकेला गेली.

औशाची बाई, वय सत्तेचाळीस, श्रीलंकेला एकटी कशाला गेली, असा प्रश्न गावात कुणाला पडला नाही. कारण तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. भावजयीला म्हणाली, "अक्षराकडं चाललेय, हैदराबादला." अक्षरा ही तिची लेक, हैदराबादला कंपनीत. तसं हे खोटंही नव्हतं, विमान हैदराबादहूनच होतं. तिकीट अक्षरानंच काढलं, आईच्या फारकतीला वर्ष झालं म्हणून. वर्ष झालं की लोक श्राद्ध घालतात. या पोरीनं आईला विमानात घातलं.

नवरा दयानंद, नायगावला हायस्कुलात मास्तर. दर शनिवारी लातूरला यायचे. मग शनिवार पंधरा दिवसांनी यायला लागला, मग महिन्यानं, आणि शेवटी कळलं की मास्तरांचा शनिवार नायगावातच दुसऱ्या घरी मुक्कामाला असतो. वर्षाराणीनं आरडाओरडा केला नाही. कोर्टात सही करून आली आणि संध्याकाळचे डबे वेळेवर दिले. पण केलं त्यांनी आणि लाज वाटायची हिला. मेसच्या पोरांच्या आया विचारायच्या, "काका दिसंना गेलेत?" ही म्हणायची, "ड्यूटीवर हायत." संक्रांतीला वाणाच्या बाया येतील म्हणून घराला बाहेरून कुलूप लावून मागच्या दारानं आत बसली. स्वतःच्या घरात चोरासारखी, तीळगूळ खात.

संसार मोडला तेव्हा सोनं-नाणं वाटून झालं, पण एक वस्तू कुणाच्या ध्यानात न येता हिच्याकडं राहून गेली. ते एक वाक्य होतं: त्यांना चालत नाही. पिक्चरला का आली नाहीस? त्यांना चालत नाही. बायकांच्या सहलीला? त्यांना चालत नाही. खरं तर मास्तरांना विचारलेलंही नसायचं. नवऱ्याची ही एक सोय असते. नको आपल्याला असतं, नाव त्याचं सांगता येतं. पंचवीस वर्षांत ते वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की शिंकेसारखं आपोआप यायचं.

तर कँडी नावाच्या गावात, हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये ती सकाळी एका कोपऱ्यात नाष्टा करत बसली होती. एकटीनं बसून खाणं तिला नवीन होतं. आयुष्यभर वाढलेलं, ताट वाढून कुणी आपल्यासमोर ठेवतंय म्हटल्यावर ती त्या वेटरला दोनदा "राहू द्या, मी घेते" म्हणाली होती, तेही मराठीत. तेवढ्यात पाठीमागून असा आवाज आला की परदेशातली झोप उडाली.

"ए सुगत, हे इडलीवानी काय हाय बघ रे! कुणी तुडवल्यावानी दिसायलंय."

"इडली नव्हं ते, तांदळाच्या शेवया हायत," वर्षाराणी बोलून गेली. मेसवाल्या बाईच्या समोर कुणी पदार्थाला चुकीचं नाव दिलं की तिची जीभ तिचं ऐकत नाही.

"आँ! मराठी? कुठल्या ओ?"

"लातूर."

"मंग तर घरच्याच! आम्ही नांदेडचे. मी केरबा सोनकांबळे, एसटीतून रिटायर झालो." आवाजावरून ते सांगायची गरज नव्हती; स्टँडवर गाड्या पुकारण्यात जन्म गेलेला माणूस होता. बुद्धपौर्णिमेला तिकडं वेसाक म्हणतात, रस्तोरस्ती कंदील लागतात, ते बघायला नांदेडचा हा बौद्ध मंडळींचा जथा आला होता. केरबांची बायको नागुबाई पांढऱ्या साडीत, हातात लोणच्याची बरणी. मुलगा सुगत लेकरांचा डॉक्टर.

नागुबाईनं हॉलभर नजर फिरवली आणि विचारलं, "येकटीच हायस का?"

वर्षाराणीनं हातातला घास ताटात ठेवला. लातूर आणि नांदेड म्हणजे एकच अंगण. इकडं कुणी शिंकलं की तिकडं वाफ घेतात. आणि ती म्हणाली, "न्हाई. हायत की वर."

एवढंच. नाव नाही, गाव नाही. दुसऱ्या एखाद्या भाषेत खोटं बोलायला निदान आख्खं वाक्य लागलं असतं. आपल्याकडं बाईनं 'हायत' म्हटलं की धोतर-टोपीसकट, चष्म्यासकट नवरा उभा राहतो.

"मंग नाष्ट्याला खाली का आले न्हाईत मालक?"

"ते... जरा पोट..."

"बिघडलं? हाव, खोबऱ्याचंच हाय की इकडं समदं! सुगत, बघून ये जरा काकाला."

"झोपलेत!" वर्षाराणी एवढ्या मोठ्यानं म्हणाली की वेटर धावत आला.

"झोपू दे मंग," सुगत म्हणाला. "संध्याकाळी बघतो. लेकरांचा डॉक्टर असलो तरी पोट ते पोटच."

मालक झोपलेत म्हटल्यावर नागुबाईनं तिला हाताला धरून स्वतःबरोबर नेलं. तळ्याकाठून चालत बुद्धांचा दात जपून ठेवलेल्या विहारात, कमळाची फुलं घेऊन रांगेत. रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून जेवू घालत होते, ते बघून वर्षाराणी म्हणाली, "एवढ्यांचा भात मोकळा कसा काय ठेवायलेत?" त्यावर नागुबाई पोट धरून हसली. "पोरी, बुद्धाच्या दारात बी तुला पातेलंच दिसायलंय." पोरी म्हणाली. वर्षाराणीला कुणी पोरी म्हणून लई दिवस झाले होते. तिला इतकं बरं वाटत होतं की मध्येच आठवून ती "फोन लावते हां त्यांना" म्हणायची आणि खांबाच्या आड जाऊन बंद फोनात "पाणी पीत ऱ्हावा" सांगून यायची. सांगताना स्वतःचाच आवाज ऐकून कानशिलं तापायची. खऱ्या नवऱ्याची एवढी चौकशी तिनं कधी केली नव्हती.

संध्याकाळी दार वाजलं.

नागुबाईनं आपल्या खोलीत, सोबत आणलेल्या विजेच्या कुकरात मऊ भात शिजवला होता. वर तूप, कडेला लिंबाच्या लोणच्याची फोड. स्टीलचं झाकणाचं भांडं दोन्ही हातांत, मागं सुगत. वर्षाराणीनं दार वीतभर उघडलं आणि आतून पायानं दाबून धरलं. आत एका माणसाचा पलंग, एक टॉवेल, एक चप्पल-जोड. नवरा नसल्याचा पुरावा खोलीभर पसरलेला.

"घे, गरम हाय. सरक, आत येऊ दे. सुगत बघंल त्यांला."

"नको, नको." तिनं मान वळवून रिकाम्या खोलीला सांगितलं, "अहो, उठू नका, पडूनच ऱ्हावा." मग दाराच्या फटीतून हात काढून भांडं घेतलं.

"आगं, दोन मिन्टं. मी चमच्यानं चारते. माझ्या हातचा भात खाऊन आजारी माणूस उठलाच म्हणून समज."

आणि वर्षाराणीच्या तोंडून ते वाक्य शिंकेसारखं आलं.

"न्हाई ओ, त्यांना चालत न्हाई."

नागुबाईचा पुढं आलेला हात तिथंच थांबला. सुगत खालच्या आवाजात म्हणाला, "आई, चल." नागुबाई म्हणाली, "बरं मॅडम. भांडं राहू द्या तुमच्याकडंच. वापस नको." आणि दोघं जिना उतरून गेले.

वर्षाराणीनं कडी लावली आणि आधी, खरं सांगायचं तर, तिला सुटल्यासारखं झालं. ती पलंगावर बसून सगळा भात जेवली. भांडं चाटूनपुसून. इतका चांगला मऊ भात तिच्या मेसमध्ये कधी झाला नव्हता.

सकाळी घासलेलं भांडं घेऊन ती खाली गेली, तर मंडळी गाडीत बसत होती. कालपर्यंत "या लातूरकर!" म्हणून हाळी देणारे केरबा तिला बघून हळूच, अगदी अदबीनं म्हणाले, "जय भीम, मॅडम." बाकी कुणी वर पाहिलं नाही. पहिल्या सीटवर नागुबाई खिडकीतून दुसरीकडं बघत होती. गाडी निघाली, आणि हातात ते भांडं धरून उभ्या वर्षाराणीला आपण काय बोललो ते पहिल्यांदा ऐकू आलं. वीतभर उघडं दार. फटीतून हात. त्यांना चालत नाही. तुमच्या हातचं.

पुढं तिनं डोंगर पाहिले, चहाचे मळे पाहिले, समुद्र पाहिला. अक्षराला फोटो पाठवले. फोटोतली बाई हसत होती. पिशवीतलं भांडं फोटोत येत नव्हतं.

लातूरला आल्यावर पोरं आली, मेस सुरू झाली. भांडं फडताळात सगळ्यात वर गेलं. त्यावर कोरलेलं होतं: चि. सुगत यांच्या मंगल परिणयानिमित्त, सोनकांबळे परिवार, तरोडा, नांदेड. जायचं ठरवून ती एकदा गाडीत बसली आणि अहमदपूरला उतरून परत आली. दुसऱ्यांदा लोह्यापर्यंत गेली. जाऊन काय सांगायचं? 'मी तसली न्हाई' हे पटवायचं तर खोलीत नवरा नव्हता हे सांगावं लागणार. म्हणजे नवरा का नव्हता हेही. आणि नाही सांगितलं तर ती तसली, कायमची. कोर्टातून खरा नवरा सुटला होता. हा नसलेला काही केल्या सुटेना. दिवाळीच्या सुट्टीत पोरं गेली तेव्हा ती तिसऱ्यांदा बसली आणि नांदेड येईपर्यंत डोळे मिटून घेतले.

तरोड्यात केरबांचं घर सापडायला वेळ लागला नाही. नागुबाई ओसरीत मेथी निवडत होती. तिनं ओळखलं. "या मॅडम," म्हणाली आणि उठून तांब्या-पेला आणला.

वर्षाराणीनं पेला ओठाला लावला तो खाली ठेवलाच नाही. गटागटा, हनुवटीवरून ओघळेपर्यंत. वर आणखी मागितलं.

"दमानं प्या," नागुबाई म्हणाली. "ठसका लागंल. परीक्षा घ्यायला न्हाई दिलं पाणी."

वर्षाराणीनं पेला ठेवला. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. तिनं भांडं पुढं सरकवलं.

"खोलीत कुणी नव्हतं," ती म्हणाली. "फारकत झालीय माझी. येकटीच गेले होते."

आतून केरबा बाहेर आले. "कुणीच नव्हतं? मंग 'उठू नका, उठू नका' कुणाला म्हणत होतात?"

"पलंगाला."

केरबांना हसू फुटलं, असं की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "आन् आम्ही गाडीत त्या मालकाला अनुराधपूरपर्यंत शिव्या घातल्या की ओ!" नागुबाई हसली नाही. तिनं मेथीची एक काडी मोडली.

"भात?"

"मीच खाल्ला. समदा."

"म्हंजी नवरा सोडला हे सांगायची लाज वाटली," नागुबाई म्हणाली, "आन् आम्हाला दारात उभं केलं, त्याची न्हाई वाटली."

"तवा कळलंच न्हाई मला, आई. शपथ."

"तेच म्हणायलेय मी. तुम्हाला कळत न्हाई. आम्हाला लगीच कळतं."

'मी तसलं मानत न्हाई' हे वाक्य वर्षाराणीच्या ओठापर्यंत आलं होतं. पण त्याबरोबर औशाच्या माहेरची पडवी आली, तिथं वळचणीला ठेवलेली कान तुटलेली कपबशी आली, आणि त्यात वरून चहा ओतणारी परकरातली वर्षाराणी आली. तिनं ते वाक्य गिळलं.

नागुबाईनं मेथी बाजूला सारली. "मला सांगितलं, बरं केलं. पण मी गाडीत समद्यांला सांगितलं होतं. आता गावभर ते तसंच हाय. दारात कुणी यायचं म्हटलं की म्हणतात, लातूरवाल्या बाईवानी करू नको." ती नवऱ्याकडं वळली. "आपला सहलीचा ग्रुप काढा ओ. यांला बोलू द्या."

केरबांनी फोन काढला. आवाजाचा निरोप पाठवायचा, बटण दाबून धरायचं. वर्षाराणीला त्या गोल बटणाकडं बघून विमान सुटतानासारखं वाटलं. ग्रुपमध्ये, केरबांनी सांगितलं, नांदेडची आख्खी गल्ली होती, आणि नायगावची दोन माणसं. दयानंद मास्तरांची शाळा तिथंच.

पहिल्यांदा ती नुसतीच खाकरली. दुसऱ्यांदा "नमस्कार" म्हणून बोट उचललं. तो नमस्कार तसाच गेला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, 'कोण?'

तिसऱ्यांदा तिनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी वर्षाराणी. लातूरला मेस हाय माझी. कँडीत तुम्हाला भेटले ती. माझी फारकत झालेली हाय. खोलीत मालक नव्हते, मी खोटं बोलले. आईंनी भात आणला, त्यांला दारातून माघारी लावलं. उघडी पडीन म्हणून लावलं. पण लावलं. चूक माझी हाय. भात चांगला होता."

बोट उचललं. निरोप गेला. तिघं त्या फोनकडं बघत बसली. निळ्या खुणा आल्या. मग एकाचा अंगठा आला.

"हे मनावर घेऊ नका," केरबा म्हणाले. "हा मयतीच्या निरोपाला बी अंगठाच देतो."

त्यानंतर काही आलं नाही. नायगावच्या दोघांनी ऐकलं होतं, एवढं दिसत होतं. वर्षाराणीचे कान लाल झाले होते आणि ते झाकायला पदराशिवाय काही नव्हतं. तिनं पदर घेतला नाही. लातूरची गाडी कधी आहे ते तिला विचारायचं होतं, पण लगेच उठावं तर पळाल्यासारखं दिसेल, बसावं तर कशासाठी बसली म्हणतील. तिला काहीच ठरवता येईना.

नागुबाईनं मेथीची अर्धी जुडी तिच्यापुढं सरकवली.

"नुसत्या बसू नका," ती म्हणाली. "आन् काड्या जाड घेऊ नका, मेसवानी."