खाडीची खांड मी बुजवायला लावली

खाडीच्या बांधाला पडलेलं भगदाड बुजवा, असा सल्ला मी दिला होता. सही माझी होती आणि घाईही माझीच होती. बरीच वर्षं मी त्यातून झालेलं नुकसान पावसावर, सरकारी दिरंगाईवर ढकलत आलो. आता त्याचाही शीण येतो.

मी सांगलीजवळच्या नदीकाठचा. माती तपासण्यात उमर गेली. आमच्याकडे खार म्हणजे रोग. उसाला पाणी पाजून पाजून रानावर पांढरा थर चढतो, मग तिथं गवतही धरत नाही. थोरल्या भावाचं रान असंच गेलं.

कोकणातल्या एका खाडीचा अभ्यास करणाऱ्या गटानं मला मातीचा माणूस म्हणून बोलावलं. भरतीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला तिथला जुना बांध एका जागी फुटला होता. अशा फुटीला तिकडे खांड म्हणतात. खांडीतून खारं पाणी ये-जा करून शेताच्या जागी कांदळवन माजलं होतं. काही शेतकऱ्यांना खांड बुजवून हवी होती. काठावरची एक मावशी मात्र त्याच कांदळवनात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून घर चालवायची. तिला ती उघडी हवी होती. काय करावं, हे आम्ही सांगायचं होतं.

गटात लोणंदची एक तरुण संशोधक होती. ती म्हणाली, "सर, वर्षभर मोजू या. भरतीला, ओहोटीला, पावसाळ्यातही. मासळीची पिल्लं आत येतात का, तेही बघू."

मी एकाच उन्हाळ्यात नमुने घेतले. मातीतले क्षार बघितले आणि डोळ्यांपुढे भावाचं रान आलं. शिवाय वर्षभर एसटीनं घाट उतरायचा कंटाळा होता, तेही लपवत नाही. निघताना मावशीनं वाटेतच गाठलं.

"साहेब, तुमच्याकडे चिंबोऱ्या काय उसात धरतात हो?"

तिच्याबरोबरच्या बायका हसल्या. मीही हसलो, आणि सांगलीला येऊन सही केली.

खांड बुजली. पावसाळ्यात आत गोडं पाणी तुंबलं, उन्हाळ्यात ते आटलं. कांदळवनातली तिवराची झाडं पिवळी पडली, मग वाळली. भातही झालं नाही. लावायला गावात माणसंच फारशी उरली नव्हती. मावशी आंब्याच्या बागेत रोजानं जाऊ लागली.

लोणंदची पोरगी मात्र मोजत राहिली. खाडीच्या शेजारच्या फाट्यावरची खांड उघडीच होती. तिथं भरतीबरोबर कोळंबीची, चिंबोऱ्यांची पिल्लं आत शिरतात आणि तिवरांच्या मुळांत वाढतात, हे तिनं ऋतूमागून ऋतू दाखवून दिलं. बांधाखालून मोठे पाईप टाकून सखल भागात भरती आत घ्यावी, उरलेली शेती राखावी, अशी तिची सूचना होती. पण ती जिथं जाई तिथं एकच उत्तर मिळे: आधीच्या तज्ज्ञाचा सल्ला वेगळा आहे. तो तज्ज्ञ मी. तिनं फोन केले. मी बघतो म्हणालो आणि काहीच बघितलं नाही.

शेवटी एकदा भावाच्या बांधावर बसून त्याला सगळं सांगितलं.

"आरं, दर्याचं पाणी खारटच असतंय की! आन् तू त्येला औषध लिवून दिलंस व्हय?"

"तुझं रान आठवलं, दादा."

"म्हंजी आता माज्यावर बिल फाडतोस का रं?" तो हसला. "हितं बसून मला काय सांगतोस? जा, त्या मावशीला सांग जा."

गेलो. ग्रामसभेत उभं राहून माझा सल्ला मागं घेतो म्हणून सांगितलं, लेखी दिलं. मान वर करवत नव्हती. तिथून मावशीच्या घरी गेलो. ती पडवीत आंब्याच्या पेट्यांत गवत भरत होती. बसा म्हणाली नाही, जा पण म्हणाली नाही.

"मावशी," मी म्हणालो, "ती लोणंदची पोरगी वर्षभर थांबायला सांगत होती, मी थांबलो नाही. तुमचं ऐकून हसलो. तुमच्या चिंबोऱ्या माझ्यामुळं गेल्या. तिवरं परत कधी उठतील, तेही मला सांगता येत नाही. मला माफ करा."