अमृतकोकमाची बाटली

आजकाल कुठल्याही लॅबमध्ये गेलं की भिंतीवर आधी सर्टिफिकेटं दिसतात, मग माणसं. मी त्यांना नावं ठेवत नाही. असाच एक कागद आमच्या हाताशी आला होता आणि माझ्यामुळे गेला.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. घाटकोपरला एका डॉक्टरांच्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी तपासणीचं काम करायची. नमुन्यासाठी बाटल्या देण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. लोक घरातून मिळेल ती आणत. खोबरेल तेलाची, खोकल्याच्या औषधाची, एकदा तर लोणच्याची बरणी आली. वर काम झालं की परत न्यायलाही येत, कारण बाटली ही जपायची वस्तू.

त्या वर्षी मुलुंडच्या बाजूच्या एका कारखान्यानं ठरवलं, की कामगारांचे नमुने यापुढे मान्यता दिलेल्या लॅबमध्येच पाठवायचे. त्यांचे डॉक्टर सोमवारी पाहणीला येणार होते. आम्ही काचा घासल्या. आमच्या डॉक्टरांनी आपली डिग्री नव्या फ्रेममध्ये घातली.

त्याच आठवड्यात तिथल्या एका बदली कामगाराची लघवी तपासायला आली. चार वर्षं बदलीवर काढलेला भांडुपचा माणूस. मेडिकल पास झाला की कायम होणार होता. निळ्या औषधात नमुना उकळला तर रंग विटकरी झाला. म्हणजे साखर, आणि तीही भरपूर. मी रिपोर्ट लिहिला, डॉक्टरांची सही घेतली, पाठवून मोकळी झाले. माझ्या हाताला घाई फार, तेव्हाही आणि आताही.

शनिवारी सकाळी त्याची बायको दारात उभी. डोळे सुजलेले.

"बाई, बाटली घेवक इलंय."

मी बाटली काढून दिली. सहज विचारलं, "कसली होती ही?"

"गावसून अमृतकोकम इला होता तेच्यात."

अमृतकोकम म्हणजे कोकमाच्या आंबटात मुरलेला साखरेचा पाक. "धुतली होती ना?"

"दोनदा इसळलंय मां," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. "चायत साखर घालून घालून मीच तेका आजारी केलंय. आता नोकरी गेली."

मला तिच्याकडे बघवेना. तिला बाकावर बसवलं आणि आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. बाटली न विचारता घेतली ती मी, हेही सांगितलं.

त्यांनी चष्मा पुसला. "परवा पाहणी आहे. मंगळवारी कळवलं तर?"

"सोमवारी त्याच्या जागी दुसरा घेतील."

त्यांनी चष्मा चढवला आणि कारखान्यात फोन लावला. दुपारी तो माणूस स्वतः आला. या वेळी नमुना आमच्याच उकळलेल्या बाटलीत घेतला. औषध निळंच राहिलं. मी ती नळी खिडकीपाशी धरून तिला दाखवली. "तुझ्या नवऱ्याला साखर नाही. बाटलीला होती."

सोमवारी कारखान्याचे डॉक्टर आले. फ्रेमकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिलाच प्रश्न, "नमुना कशात घेता?" खोटं बोलण्याची सोय उरली नव्हती. त्या वर्षी मान्यतेच्या यादीत आमचं नाव आलं नाही. डॉक्टर मला एका शब्दानंही बोलले नाहीत. दोन डझन बाटल्या मागव, एवढंच म्हणाले. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं ती पुन्हा आली. नवरा कायम झाला होता. हातात तीच बाटली, काठोकाठ अमृतकोकम भरलेली.

"पण बाटली माका परत व्हयी हा."

डॉक्टरांनी दोन पेले सरबत घेतलं. उरलेलं मी भांड्यात ओतलं आणि बाटली गरम पाण्यानं पाच वेळा विसळली. ती तिच्या हातात दिली, तेव्हा कुठे मला तिच्याकडे नीट बघता आलं.