यमूआत्याचा लाल ठिपका

'आत्या गेल्या,' असा वैशालीचा फोन आला आणि मी पहिलं काय केलं असेल, तर तिचा फोन ठेवून दिनेशला लावला. दिनेश आत्याचा मुलगा, वैशाली तिची सून. ती कशाला खोटं बोलेल? पण एकाच्या सांगण्यावर कधी विसंबायचं नाही, दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची, हे मला यमूआत्यानेच शिकवलेलं. दिनेश नुसता 'हो' म्हणाला, मग मला रडू आलं. आता महिना होऊन गेला, तरी कुणी 'तुझी आत्या गेली ना गं' म्हटलं की तिचाच आवाज कानात येतो, 'तुला कोनी सांगितलं?'

वसईच्या खाडीकडच्या वाडीत, केळी आणि भाजीपाल्यात तिचा जन्म गेला. दूधवाला दुधात पाणी घालतो, गॅसवाला सिलिंडर हलका देतो, कार्याला दिलेली भांडी बदलून परत येतात, याबद्दल तिला शंका नव्हती, खात्रीच होती. म्हणून घरातल्या प्रत्येक वस्तूवर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका असायचा. पातेली, पाट, खुर्च्या, छत्री, इतकंच काय, देवळात जायच्या चपलासुद्धा. आम्ही भाचरं चिडवायचो, 'आत्या, आतोबांना पण लाव एक.' ती म्हणायची, 'त्यांना कोन नेतंय!' पण आतोबा गेले, दिनेशच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत.

त्यांचा आवाज उरला तो फक्त लग्नाच्या डीव्हीडीत. शेवटी शेवटी, पंगती उठत असताना, फेटा तिरका झालेले आतोबा कॅमेऱ्याकडे वळतात आणि आत्याला हाक मारतात. तेवढ्यासाठी आत्या दर रविवारी कॉम्प्युटरसमोर बसायची. डिस्क लावून द्यायचं काम वैशालीचं. आणि एका रविवारी आतोबांनी तोंड उघडलं, चित्राचे चौकोन झाले आणि सगळं थिजलं. पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. झालं! वैशाली साताऱ्याकडची, वालीवच्या एका कारखान्यात ऑफिसात नोकरीला. 'घाटावरची ती. तिला माझं सुख बगवत नाय,' असं आत्याने ठरवून टाकलं. वैशालीच्या हातचा चहा बंद झाला. दिनेश वेगळी खोली बघायचं बोलू लागला. त्या दोन खोल्यांतलं वातावरण असं झालं होतं, की पाहुण्यालासुद्धा आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं.

मी तुळिंजला राहते. तिथे मला आत्याचं बोलावणं आलं, कारण मी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. आत्या खुर्ची ओढून माझ्या अगदी शेजारी बसली. माझ्या हातांवर नजर. 'बदलू नको हां,' म्हणाली. मी दुसरी एक डिस्क लावली, ती नीट चालली. म्हणजे मशीन शाबूत. व्हिडिओ दाखवायचा प्रोग्रॅम बदलून पाहिला, तरी मशीनची घरघर आणि तेच चौकोन. आत्या दाराकडे बघत मोठ्याने म्हणाली, 'मी सांगते, तिनंच कायतरी केलंय.' खरं सांगते, तोवर मलाही वैशालीबद्दल शंका येऊ लागली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि चकार शब्द बोलत नव्हती. निर्दोष माणूस इतका गप्प बसतो का?

मग मी डिस्क उलटी करून उजेडात धरली. चकचकीत बाजूला, कडेजवळ, एक लाल ठिपका.

'आत्या, हे काय?'

'निशानी,' ती अभिमानाने म्हणाली. 'जावेकडे बगायला दिलेली. तिनं बदलून दिली म्हंजे? परत आली तवा बगून घेतला ठिपका.'

'अगं पण या बाजूला?'

'मंग काय नवरानवरीच्या तोंडावर लावू?' वरच्या बाजूला दिनेश-वैशालीचा फोटो छापलेला होता.

मशीन वाचते ती हीच बाजू, हे मी तिला सांगितलं. मी कोमट साबणाच्या पाण्यात डिस्क धरायला मोरीत गेले, तेव्हा वैशाली हळूच म्हणाली, 'मी पाहिला होता तो ठिपका.'

'मग बोलली का नाहीस?'

'माझ्या तोंडून ऐकलं असतं त्यांनी, ताई? मी नुसता हात लावला असता, तर मीच डिस्क खरवडली असं झालं असतं.'

ठिपका नखाने हळूहळू सुटला. मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसून डिस्क लावली. चौकोन आले नाहीत. आतोबा वळले आणि म्हणाले, 'यमे, जेवलीस का गं?' आत्याने पदर तोंडाला लावला. 'आता इचारतोय...' म्हणाली. मग मागे न बघता तिने हाक मारली, 'वैशाली, चहा ठेव. सगल्यांना.'

माफी तिने मागितली नाही. ती मागणारीही नव्हती. पण पुढच्या आठवड्यात गेले तर वैशालीने मला तिचा ऑफिसचा डबा दाखवला. लग्न होऊन आल्यापासून माहेरचा तो डबा तसाच कोरा होता. आता त्याच्या झाकणावर लाल ठिपका होता. 'वालीवला बदलतील कोनी,' आत्या आतून ओरडली. वैशाली हसत होती आणि डोळे पुसत होती. वेगळ्या खोलीचं नाव दिनेशने पुन्हा काढलं नाही.

परवा मी वाडीवर जाऊन आले. कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ घातलेला, आत्याची खुर्ची तशीच शेजारी. निघताना वैशालीने सुकेळी, म्हणजे वाडीतली वाळवलेली केळी, भरून एक स्टीलचा डबा हातात दिला. नवाच दिसत होता. फाटकापर्यंत आली, डबा माझ्या हातून पुन्हा घेतला, उलटा करून तळ पाहिला, मग परत दिला. 'ताई, हाच परत आणा हं,' ती म्हणाली. मी म्हटलं, 'माझ्यावर पण विश्वास नाही?' ती हसली नाही.

घरी येऊन डबा उलटा केला. तळाला लाल ठिपका होता. बोट लावलं, तर अजून पुरता वाळला नव्हता.