जेवणारी माशी

माणसांचे चेहरे विसरणारा आणि माश्यांना मिशीवरून ओळखणारा दुसरा माणूस अख्ख्या वऱ्हाडात सापडणार नाही. हे आमचे व्याही. राहतात दर्यापूरला. पूर्णेच्या काठी दरोडेखोर माश्या असतात. उडता किडा हवेतच धरतात आणि वाळल्या काडीवर बसून सोंडेने शोषतात. त्यांच्या तोंडावर केसांचा झुबका असतो, त्यावरून व्याही प्रकार ठरवतात. वहीत नोंदी अशा: ‘पांढरी, भरघोस, फौजदारासारखी’, ‘विरळ, माझ्यासारखी’. लग्नाच्या बैठकीत ते एकदम “पाहुणी आली!” म्हणत खिडकीकडे धावले. आम्ही सगळे टोप्या सावरून उभे राहिलो. माझी मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा तिच्या सासरची सगळी मंडळी तिच्याकडे पाठ करून गजावरची माशी पाहत होती.

एका माशीचं नाव मात्र त्यांना लागेना. मिशी अर्धी काळी, अर्धी तांबडी. अमरावतीच्या प्राध्यापकबाईंनी कळवलं, माशी हातात आल्याखेरीज नाव सांगता येणार नाही. ही माशी जाळी हलताच पसार होते. स्थिर बसते ती फक्त खाताना. आणि नेमकी तेव्हाच व्याही जाळी खाली ठेवतात.

“जेवत्याले ताटावरून उठवत नसते, इवाई.”

“अहो, ती दुसऱ्याला खाते आहे!” मी म्हणालो. मी जन्मभर पेपरात वार्ताहर.

“मंग? तुमच्या पेपरानं काय केलं जन्मभर? मी तुमाले उठवलं का कधी ताटावरून?”

यंदा काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ नेली. “हिचं नाव कळलं पायजे, मंग डोये गेले तरी चालते,” म्हणाले. म्हणून अकोल्याहून मी गेलो. जाळी माझ्या हातात, ते शेजारच्या दगडावर. तासाभराने ती आली, तोंडात टपोरा किडा घेऊन, माझ्यापासून हातभर अंतरावर. तांबडी-काळी मिशी स्पष्ट दिसत होती.

“आली का?”

“आली.”

“झालं जेवन तिचं?”

‘झालं’ म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. संध्याकाळपर्यंत माशी डबीत आणि आठवड्यात नाव हातात.

“नाही अजून,” मी म्हणालो.

आम्ही बसून राहिलो. तिने किड्याचं सालपट टाकलं, पाय पुसले. मी जाळी उचलली, तोवर ती पाण्यावरून पलीकडे गेली होती.

व्याह्यांनी पंखांच्या आवाजावरून ती गेल्याचं ओळखलं. वही माझ्याकडे सरकवली.

“लिवा. मिशी तांबडी-काळी. नाव मालूम नाही. जेवून गेली.”